आपल्याच माणसांवरील संशोधन : समान पार्श्वभूमी आणि नैतिक दायित्व

प्रस्तावना

श्रमिक कुटुंबांतून आलेला प्राध्यापक ही महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शेतमजूर, गिरणी कामगार, ऊसतोड कामगार, सफाई कामगार यांच्या घरांतील पहिली शिकलेली पिढी महाविद्यालयांत अध्यापन करीत आहे आणि पीएच.डी.साठी अनेकदा आपलाच समाज, आपलीच वस्ती निवडत आहे. 'आतून केलेले' संशोधन म्हणून त्यास एक विशेष प्रामाण्य मिळते. हे प्रामाण्य कितपत रास्त आहे आणि त्यामुळे संशोधकावर कोणते दायित्व येते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

अनुभवाचा अधिकार

या प्रश्नाची भारतातील महत्त्वाची मांडणी गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मधील लेखात केली. भारतीय सामाजिक शास्त्रांत सिद्धान्त मांडणारे 'ब्राह्मण' आणि माहिती गोळा करणारे 'शूद्र' अशी विभागणी झाली आहे, हा त्यांचा आक्षेप होता. दलितांनी स्वतः सिद्धान्तन करावे, ती त्यांची नैतिक गरज आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सुंदर सरुक्कई यांच्याशी झालेल्या वादसंवादातून पुढे 'द क्रॅक्ड मिरर' (२०१२) हा ग्रंथ सिद्ध झाला.

सरुक्कई यांचा एक मुद्दा येथे कळीचा आहे. अनुभव जगणाऱ्यास तो निवडण्याचे वा सोडून जाण्याचे स्वातंत्र्य नसते. जगलेल्या अनुभवाचे वेगळेपण या स्वातंत्र्याच्या अभावात आहे. वस्तीत काही महिने राहिलेला पाहुणा अभ्यासक केव्हाही निघून जाऊ शकतो. हा निकष वस्तीतूनच आलेल्या प्राध्यापकास लावला तर अडचण उभी राहते. दारिद्र्यातून तो बाहेर पडलेला असतो. त्याचे बालपण हा जगलेला अनुभव असला, तरी आज तो वस्तीत जातो तेव्हा परतीची वाट त्याच्याकडे असते. जातीतून मात्र त्याची अशी सुटका होत नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावासंबंधीचा थोरात समितीचा २००७ चा अहवाल पाहता, उच्च शिक्षणाच्या आवारातही जात पाठ सोडत नाही, हे स्पष्ट होते. थोडक्यात, असा संशोधक अर्धा आत आणि अर्धा बाहेर असतो. त्याच्या नैतिक पेचाचे मूळ या स्थितीत आहे.

नाव देण्याचा अधिकार

इंग्लंडमधील एका अभ्यासातून या पेचाची दुसरी बाजू दिसते. बेव्हर्ली स्केग्ज या स्वतः कामगारवर्गीय कुटुंबातून आलेल्या समाजशास्त्रज्ञ आहेत. शुश्रूषा-संगोपनाचा अभ्यासक्रम घेतलेल्या ८३ गौरवर्णीय कामगारवर्गीय स्त्रियांचा त्यांनी बारा वर्षांच्या कालावधीत अभ्यास केला. तो 'फॉर्मेशन्स ऑफ क्लास अँड जेंडर' (१९९७) या ग्रंथात आला. या स्त्रियांना 'कामगारवर्गीय' हे बिरूद नको होते. त्यांची धडपड प्रतिष्ठित गणले जाण्याची होती. वर्गाची ओळख हा संशोधिकेच्या दृष्टीने अभिमानाचा आणि विश्लेषणाचा विषय असला, तरी त्या स्त्रियांसाठी ती शरमेची बाब होती.

स्केग्ज यांनी हा नकार झाकला नाही. तोच विश्लेषणाचा केंद्रबिंदू केला, हे ग्रंथाचे बलस्थान होय. तरीही वर्गाची संज्ञा अखेर त्यांनीच लावली. संशोधन म्हणजे सांगितलेले जसेच्या तसे उतरविणे नव्हे, हे मान्य केले तरी आक्षेप उरतोच. समान पार्श्वभूमीमुळे घरात प्रवेश मिळतो. घरातल्यांना नाव देण्याचा अधिकार त्यातून आपोआप मिळत नाही.

संमती आणि जोखीम

संमतिपत्रावर सही वा अंगठा घेतला की नैतिकतेची पूर्तता झाली, अशी समजूत आढळते. नात्यागोत्यात ही समजूत अधिकच फसवी ठरते. परका अभ्यासक आला तर माणूस दार लावू शकतो; पण शिकून मोठा झालेल्या भाच्याला मामी 'नाही' कसे म्हणणार? तिने भाच्याला सांगितलेले आणि प्राध्यापकाला सांगितलेले यांत भेद असतो. हा भेद राखण्याची जबाबदारी मामीवर टाकता येत नाही.

जोखीमही सारखी वाटली जात नाही. जातपंचायतीविरुद्ध बोललेली व्यक्ती गावातच राहते, प्रबंध सादर करणारा शहरात परततो. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून या जोखमीची कल्पना येते. ज्या गावात त्या जातीची दोन-चारच घरे आहेत, तेथे नाव बदलून ओळख लपत नाही.

उलट, नाव गाळणे हाही कधी अन्याय ठरतो. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात (२००४) माणसे आपापल्या नावानिशी बोलतात. १९८२ च्या संपात होरपळलेल्या कामगारास 'उत्तरदाता क्रमांक १७' करणे म्हणजे त्याचा इतिहास दुसऱ्यांदा पुसणे होईल. नाव द्यावे की झाकावे, हे सांगणाऱ्याशी बोलून ठरवावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य टक्केवारीत मोजले जाते. छापील ग्रंथातील उचल त्यात सापडते. निरक्षर आजीने उलगडून दाखविलेला कार्यकारणभाव संशोधकाचा स्वतःचा 'निष्कर्ष' म्हणून अवतरला, तर तो कोणत्याही संगणकप्रणालीस सापडणार नाही. गुरू यांनी ज्या विभागणीवर बोट ठेवले, तीच येथे घरातल्या घरात पुन्हा उभी राहते : आजी माहिती पुरविते, नातू सिद्धान्त मांडतो.

निष्कर्ष

वंचित समूहांतून आलेल्या संशोधकांची सामाजिक शास्त्रांना नितांत गरज आहे. वरील चिकित्सेने ती कमी होत नाही. मात्र समान पार्श्वभूमीमुळे नैतिक दायित्व वाढते. प्रबंध सादर करण्यापूर्वी त्यातील संबंधित भाग त्या माणसांना त्यांच्या बोलीत वाचून दाखविणे, त्यांचा नकार आणि मतभेद प्रबंधात नोंदविणे, आणि विचार ज्याचा त्याच्या पदरी त्याचे श्रेय घालणे, एवढे तरी मार्गदर्शकांनी आग्रहाने मागावे. असा संशोधक पदवीनंतरही लग्नकार्याला, मयतीला त्याच वस्तीत जाणार असतो. परीक्षकांच्या प्रश्नांना तो एकदाच उत्तर देतो. वस्तीच्या प्रश्नांना त्याला जन्मभर उत्तर द्यावे लागते.