पायरीवरचे मूल आणि उद्याचे घर

मागील सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील बालकांना आम्ही एक चित्रपट दाखविला. दिवे लागले, मुले पांगली. मात्र सात-आठ वर्षांची एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली. तिने विचारले, "फादर, आई एवढी जवळ होती, मग त्याने तिला हाक का नाही मारली?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले नाही; खरे सांगायचे तर आम्हांलाही पटले नाही. म्हणून तो चित्रपट आम्ही पुन्हा एकदा, एकटे बसून पाहिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर होय.

चित्रपटाचे नाव 'मीट द रॉबिन्सन्स'. डिस्नेची ही चलत्चित्रकृती २००७ साली पडद्यावर आली. दिग्दर्शक स्टीफन अँडरसन. विल्यम जॉइस यांच्या १९९० सालच्या एका बालचित्रपुस्तकावर ती आधारलेली आहे. पण त्या पुस्तकात आहे तो केवळ एका विक्षिप्त कुटुंबाच्या घरी घालविलेला गमतीचा दिवस आणि आजोबांच्या हरवलेल्या कवळीचा शोध. अनाथ बालक आणि कालप्रवास ही चित्रपटाने घातलेली भर आहे. दिग्दर्शक स्वतः दत्तक घेतले गेलेले मूल आहेत, हे कळले म्हणजे ही भर कोठून आली असावी याचा अंदाज येतो.

पावसाळी रात्री एक स्त्री अनाथाश्रमाच्या पायरीवर आपले तान्हे मूल ठेवून निघून जाते. तिचा चेहरा आपणांस दिसत नाही. ते मूल, लुईस, बारा वर्षांचे होते. तो बुद्धिमान आहे, यंत्रे जुळविण्यात रमलेला आहे. आणि दत्तक घेऊ पाहणाऱ्या दांपत्यांसमोर तो आपली यंत्रेच मांडतो. अशाच एका भेटीत त्याचे पावाला शेंगदाण्याचे लोणी लावणारे यंत्र फुटते आणि पाहुण्यांना नेमके शेंगदाण्याचेच वावडे निघते. मुलाखतीमागून मुलाखती होतात, त्याला कोणी नेत नाही. अखेर त्याच्या मनात येते की, आपणांस हवेसे मानणारे एकच माणूस जगात होते, ते म्हणजे आपली आई. तिचा चेहरा आठवावा म्हणून तो स्मृती उलगडून दाखविणारे यंत्र बांधू लागतो.

येथवर हा चित्रपट स्मृतीविषयी आहे. संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या दहाव्या खंडात स्मृतीची दालने धुंडाळीत देवाचा शोध घेतला. लुईस त्याच दालनांत आईला शोधू पाहतो. आपण कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मागे कोठेतरी दडलेले आहे, अशी त्याची श्रद्धा आहे. पुढचा सारा चित्रपट ही श्रद्धा हळूहळू उलटी करतो.

विज्ञान प्रदर्शनात विल्बर रॉबिन्सन नावाचा मुलगा त्याला गाठतो आणि कालयानातून २०३७ सालात नेतो. यान कोसळते, आपण भविष्यातून आलो हे पटावे म्हणून ज्याला आणले, त्याच्यावरच यान दुरुस्त करण्याची पाळी येते. मध्यंतरीचा हा भाग आम्हांला गर्दीचा वाटला. गाणारे बेडूक, डायनासोर, नात्यांची भली मोठी रांग, सारे इतक्या घाईने येते की, कोण कोणाचे कोण हे समजेपर्यंत पुढचा गोंधळ सुरू होतो. पण ह्या गोंधळातच चित्रपटातील एक फार सुंदर प्रसंग आहे. जेवणाच्या टेबलावर लुईस पुन्हा एक यंत्र दुरुस्त करावयास घेतो आणि ते पुन्हा फुटते. तो शरमेने खाली मान घालतो. रॉबिन्सन कुटुंब मात्र टाळ्या वाजवते, त्याचे अभिनंदन करते. अपयशातून माणूस शिकतो, हा त्या घराचा रिवाज आहे. ज्या कारणासाठी आजवर त्याला नाकारले गेले, त्याच कारणासाठी येथे त्याचे कौतुक होते. आणि हा मुलगा कोण, कोठला, हे त्या घराला अजून ठाऊकही नाही. आपलेपणा ह्यालाच म्हणतात, असे आम्हांस वाटते.

परंतु त्याच घराला सत्य कळताच ते त्याला ठेवून घेऊ शकत नाही. लुईसच मोठेपणी विल्बरचा पिता होणार आहे. तो आपल्या काळात परतला नाही तर हे घर उभेच राहणार नाही. प्रेम आहे, आणि प्रेम आहे म्हणूनच परत पाठविणे आहे! बारा वर्षांच्या मुलाला हे कसे उमगावे? त्याला एवढेच दिसते की, आणखी एक दार बंद झाले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. शेवटी दिलेला शब्द पाळण्यासाठी विल्बर त्याला त्या पावसाळी रात्रीत घेऊन जातो. आई पायरीवर मूल ठेवीत असते. लुईस तिच्या पाठीशी येतो, तिच्या खांद्याकडे हात नेतो, आणि तो हात मागे घेतो. कारण विचारल्यावर तो म्हणतो की, मला कुटुंब आहे.

हिशेबी वाचक म्हणेल, भविष्यातले घर नाहीसे होऊ नये म्हणून त्याने हाक मारली नाही. पण त्या क्षणी लुईसजवळ काय आहे, ते पाहावे. त्याला अजून कोणी दत्तक घेतलेले नाही. येथून त्याला अनाथाश्रमातच परतायचे आहे. उद्याचे घर हमखास मिळेलच असेही नाही. भविष्य दगडावर कोरलेले नसते, असे त्याच्याच प्रौढ रूपाने त्याला बजावलेले आहे. तरीही तो 'आहे' म्हणतो, 'असेल' म्हणत नाही. न दिसणाऱ्या गोष्टींविषयीच्या खात्रीला हिब्री लोकांस पत्र श्रद्धा म्हणते. लुईसचे ते 'आहे' त्याच जातीचे आहे. स्मृतीच्या यंत्राने सुरू झालेला चित्रपट येथे आशेच्या दाराशी येऊन उभा राहतो.

एका बाबतीत मात्र आम्ही समाधानी नाही, आणि ती बाब लहान नाही. लुईसच्या खोलीत राहणारा गूब हा दुसरा अनाथ मुलगा. लुईसच्या रात्रभर चाललेल्या ठोकाठोकीमुळे त्याची झोप होत नाही, बेसबॉलच्या सामन्यात तो पेंगतो, झेल सुटतो. हे शल्य तो जन्मभर उराशी धरतो. शाळासोबती त्याच्याशी गोड बोलतात, तरी सारे आपला द्वेष करतात असेच त्याला ऐकू येते. मनातील कडवटपणा माणसाचे कान कसे बदलतो, हे चित्रपटाने दोन-चार क्षणांत अचूक दाखविले आहे. मोठेपणी हाच गूब खलनायक होतो. त्यालाही घरात घ्यावे असे लुईस सुचवितो, पण तोवर गूब निघून गेलेला असतो. मग लुईस भूतकाळात परतून लहान गूबला वेळीच जागा करतो, झेल पकडला जातो, जयघोष होतो.

आमचा प्रश्न असा : गूब जागा झाला असता आणि तरीही झेल सुटला असता तर? जेवणाच्या टेबलावर अपयशाला टाळ्या वाजविणारा चित्रपट गूबला मात्र यश देऊन मोकळा होतो. बुद्धिमान मुलाला अपयशासह स्वीकारणारे घर मिळते, सामान्य मुलाला स्वीकारले जाण्यासाठी सामना जिंकावा लागतो. आमच्या शाळांतून आणि घरांतूनही नेमके हेच घडते, म्हणून ही उणीव आम्हांला बोचली.

लुईसच्या बाबतीत शेवट अधिक प्रामाणिक आहे. यंत्र अखेर चालते, तेव्हा त्यात तो स्वतःची आई शोधीत नाही. परीक्षक ल्युसिल हिला तो तिचा एक आवडता दिवस आठवावयास सांगतो, आणि पडद्यावर तिचा विवाहाचा दिवस उमटतो. ती आणि तिचा पती बड हेच त्याला घरी नेतात. जे यंत्र त्याने स्वतःच्या भूतकाळासाठी बांधले, ते दुसऱ्याच्या आनंदासाठी चालविल्यावर त्याला घर मिळाले.

ती मुलगी पुढच्या रविवारी भेटली, तर आम्ही तिला एवढेच सांगू : बाळ, त्याने आईला हाक मारली नाही, कारण तो आता आईवर रागावलेला नव्हता आणि उद्याला भीत नव्हता. आणि मग तिला विचारू, गूबला तू तुझ्या खेळात घेशील का? झेल सुटला तरी?