ओळ आधी, गुण नंतर

वर्गाच्या गुणांच्या डेटाबेसमध्ये मुख्य तक्ते तीन: विद्यार्थी, चाचणी आणि या दोघांना जोडणारा गुण. नवी घटक चाचणी नोंदवली की तुकडीतल्या प्रत्येक मुलाच्या नावाने गुण-तक्त्यात एक ओळ आपोआप उघडावी, यासाठी एसक्यूएलमध्ये लिहिलेलं हे एक विधान पाहा:

इन्सर्ट इन्टू गुण (विद्यार्थी, चाचणी)
सिलेक्ट वि.क्रमांक, चा.क्रमांक
फ्रॉम विद्यार्थी वि जॉइन चाचणी चा ऑन चा.तुकडी = वि.तुकडी
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट * फ्रॉम गुण ग व्हेअर ग.विद्यार्थी = वि.क्रमांक अँड ग.चाचणी = चा.क्रमांक);

यात ‘पहिल्या मुलापासून सुरू कर, मग दुसरा घे’ असं कुठेच नाही. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या रिलेशनल विचाराचं हे थेट फळ: काय हवं ते सांगायचं, कसं करायचं ते यंत्राने ठरवायचं. तुकडीत 42 मुलं आणि 5 चाचण्या असतील, तर ‘जॉइन’ हा एक शब्द 210 जोड्या लावून मोकळा होतो.

पण विधानाचं खरं सौंदर्य त्यात जे लिहिलेलं नाही, त्यात आहे. पहिल्या ओळीच्या कंसात विद्यार्थी आहे, चाचणी आहे, गुणांक नाही. त्या रकान्याला आधीच ठरवून दिलेली किंमत नसेल, तर तिथे ‘नल’ बसतो. नल म्हणजे शून्य नव्हे. 20 पैकी 18 आणि 15 मिळवलेल्या मुलीची तिसरी वही तपासायची राहिली असेल, तर तिची सरासरी 16.5 निघते, कारण सरासरी काढताना एसक्यूएल नल मोजतच नाही. तिथे शून्य टाकलं असतं तर तीच सरासरी 11 झाली असती. न तपासलेल्या वहीची शिक्षा मुलीला! आणि ओळच उघडली नसती तर? सरासरी बरोबर आली असती, पण गुण भरायचे राहिलेल्यांच्या यादीत तिचं नाव दिसलं नसतं. ओळ आहे म्हणून राहिलेलं काम डोळ्यांसमोर राहतं. गैरहजेरीसाठी मात्र वेगळा रकाना हवाच, ‘गै.ह.’ आणि ‘अजून भरले नाहीत’ यांची गल्लत नको.

‘नॉट एक्झिस्ट्स’मध्ये मोठी माणुसकी आहे. विधान पुन्हा चालवलं तरी आधी भरलेल्या गुणांना धक्का लागत नाही; जिथे जागा मोकळी, तिथेच ओळ येते. तरीही दोन माणसांनी ते एकाच वेळी चालवलं तर केवळ या अटीवर विसंबू नये. विद्यार्थी आणि चाचणी या जोडीवर प्राथमिक की हवीच.

हेच विधान ट्रिगरमध्ये ठेवलं की चाचणी नोंदवताक्षणी ओळी तयार होतात. विद्यार्थी-तक्त्यावरही तसाच ट्रिगर लावला, तर दिवाळीनंतर दाखल झालेल्या मुलालाही ओळी मिळतात. इथे मला एक उणीव टोचते: जूनमध्ये झालेल्या चाचणीचीही रिकामी ओळ त्याच्या नावावर उघडते, आणि जी परीक्षा त्याला देणं शक्यच नव्हतं तिची बाकी त्याच्या माथी येते. ‘अँड चा.दिनांक >= वि.प्रवेशदिनांक’ एवढं शेवटी जोडलं की त्याचा हिशेब तो शाळेत आला त्या दिवसापासून सुरू होतो.