हक्क मिळाला, मग बांबू का निघेना? : 'अ थिअरी ऑफ अ‍ॅक्सेस' वाचताना

वनहक्कांवर काम करायचं म्हटलं की प्रस्तावातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'हक्क मिळाला का?' असाच असतो. जेसी रिबॉट आणि नॅन्सी पेलुसो यांचा २००३ चा हा लेख तो प्रश्नच बदलायला लावतो. त्यांच्या मते, मालकी म्हणजे फायद्याचा हक्क. अ‍ॅक्सेस म्हणजे तो फायदा प्रत्यक्षात घेता येणं. ते ठरतं तंत्रज्ञान, भांडवल, बाजार, श्रम, ज्ञान, सत्तेपर्यंतची पोच, ओळख आणि नातेसंबंध यांवर. कायदा हा त्यातला एक मार्ग.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला हे लावून बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे. २००९ मध्ये ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनविभागाच्या हातात, आणि १९२७ च्या कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड होतं! एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे दिलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. म्हणजे हक्क होता, अ‍ॅक्सेस नव्हता. इथे लेख चपखल बसतो.

पण नाशिकला बसून वाचताना तो कमी पडतो. ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च इथून निघाला आणि १२ तारखेला आझाद मैदानावर पोचला. त्यातले कितीतरी आदिवासी शेतकरी वनजमीन आधीपासूनच कसत होते. इथे उलटं होतं: अ‍ॅक्सेस होता, कागद नव्हता. मग कागदासाठी सुमारे १८० किलोमीटर पायपीट कशाला? लेखक म्हणतील, हातातला अ‍ॅक्सेस टिकवायला. मान्य. पण सरकारदरबारी आपण अतिक्रमणदार की हक्कदार, हा सवाल फायद्यापुरता नाही. सगळंच अ‍ॅक्सेसमध्ये कोंबलं की तो दिसेनासा होतो.

दुसरी अडचण आपल्या सायन्सवाल्यांची. ते आठ घटक आपण लगेच एक्सेलचे आठ कॉलम करतो. पण ते सुटे नाहीत. दावा तपासताना उपग्रहचित्र वापरतात. ते तंत्रज्ञान झालं, की सत्ता? २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलंय की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारं नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब आणि चित्र जुळलं नाही तर कोणाचं खरं धरायचं, हे पिक्सेल ठरवत नाही. समितीत बसलेली माणसं ठरवतात.

तेव्हा लेख जरूर वाचा, पण चेकलिस्ट म्हणून नको. फील्डवर जाताना दोन प्रश्न सोबत ठेवा: हक्क मिळाल्यावर माल नेमका कोणाच्या सहीपाशी अडतो? आणि दावा फेटाळला गेला, तर कोणाचा पुरावा कमी धरला गेला?