मुग्ध प्रेमकथेची साधने : मानपाड्याच्या निमित्ताने

मराठीत जो कथाप्रकार पुष्कळ वाचला गेला आणि फार थोडा अभ्यासला गेला, त्यात मुग्ध प्रेमकथेची गणना करावी लागेल. वाचनालयांतील जीर्ण प्रती तिच्या वाचकांची साक्ष देतात. परंतु विद्यापीठीय विवेचनात तिचा उल्लेख आला तर तो बहुधा ‘रंजनपर’ या एका विशेषणात आटोपतो. या उपेक्षेचा परिणाम नवोदित लेखकावर होतो. प्रेमकथा लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आपली प्रेरणा कोठे शोधावी, मार्गदर्शन कोणाकडून घ्यावे, हे सांगणारा कोणी नसतो. मग तो जे हाती लागेल त्याचे अनुकरण करतो, आणि त्या अनुकरणाकडे बोट दाखवून आपण या प्रकाराला पुन्हा हिणकस ठरवितो.

प्रथम संज्ञेचा खुलासा केला पाहिजे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (1861) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (1868) यांना आपण अद्भुतरम्य म्हणतो. तेथे प्रेम आहे, पण ते संकटांच्या आणि चमत्कारांच्या मालिकेला जोडलेले निमित्त म्हणून. प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे ती निराळी कथा. दोन व्यक्तींचे एकमेकांकडे वळणे हाच जिचा विषय आहे, शरीरसुखाचे वर्णन जिला आवश्यक वाटत नाही, आणि जिचा शेवट सुखाचा होणार हे वाचक पहिल्या पानापासून गृहीत धरून असतो, ती मुग्ध प्रेमकथा होय. या व्याख्येतील अखेरचा घटक सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नीट ध्यानात न घेतल्यामुळेच या प्रकाराचे आजवरचे मार्गदर्शन अपुरे पडले, असे मला वाटते.

मार्गदर्शन म्हटले की ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ (1931) हा ग्रंथ समोर येतो. ‘जादूगार’ (1928) आणि ‘दौलत’ (1929) या कादंबऱ्यांनी लोकप्रिय झालेल्या लेखकाने आपल्या कलेची शास्त्रशुद्ध मांडणी करावी, ही त्या काळी अपूर्व घटना होती. लेखन म्हणजे केवळ स्फूर्तीचा झटका नसून त्यात शिकण्यासारखे आणि शिकविण्यासारखे पुष्कळ आहे, हा विश्वास फडक्यांनी मराठी लेखकाला दिला. त्यांचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. संवाद हलका कसा ठेवावा, प्रसंगाला आरंभ कोठून करावा, अनावश्यक ते कसे गाळावे, या बाबतीत फडके आजही उपयोगी पडतात.

तथापि फडकेप्रणीत तंत्राचा कणा उत्कंठा हा आहे. गुंतागुंत करावी, निरगाठ घट्ट करावी आणि योग्य क्षणी ती उकलावी, हे त्याचे सूत्र. ज्या कथेत पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक नसते, तेथे हे सूत्र समर्थ ठरते. पण नायक-नायिकेचे मीलन होणारच, हा जिथे लेखक-वाचकांमधला अलिखित करार आहे, तिथे उत्कंठा निर्माण करायची ती कशाच्या बळावर? अशा वेळी लेखक बाहेरून विघ्ने आणतो. हरवलेले पत्र, अर्धवट ऐकलेले बोलणे, अनपेक्षित अपघात, दुष्ट प्रतिस्पर्धी ही ती सराईत विघ्ने होत. फडक्यांच्या अनुयायांनी हा साठा इतका वापरला की तो गुळगुळीत झाला. त्याबरोबरच फडक्यांच्या कथाविश्वातील सुशिक्षित, सुस्थित पांढरपेशा समाजाचा परिसरही वारशाने पुढे आला. ज्यांच्या घरात स्वतंत्र खोली नव्हती असे लेखकही बंगल्यातल्या प्रेमाच्या कथा लिहू लागले.

वि. स. खांडेकरांनी प्रेमाला ध्येयाच्या तराजूत घातले. ‘उल्का’सारख्या (1934) कादंबरीत प्रेमाची किंमत काय, हा प्रश्न गंभीरपणे विचारला जातो. परंतु ध्येयवादाच्या प्रकाशात प्रेम स्वतः काहीसे दुय्यम ठरते. फडके आणि खांडेकर यांच्या वादात कला आणि जीवन हे दोन पक्ष आपण परीक्षेसाठी पाठ करतो. पण मुग्धतेचे माधुर्य नेमके कशातून उत्पन्न होते, हा प्रश्न त्या वादात अनुत्तरितच राहिला.

याचे उत्तर अधिक जुन्या वाङ्मयात सापडते. संस्कृत काव्यशास्त्राने विप्रलंभ शृंगाराचे प्रकार सांगताना ‘पूर्वराग’ हा एक स्वतंत्र प्रकार मानला आहे. मीलनापूर्वीची, दर्शनाने अथवा श्रवणाने जागी झालेली ओढ असे त्याचे स्वरूप. मुग्ध प्रेमकथा ही शास्त्राच्या भाषेत पूर्वरागाची कथा आहे. रस निष्पन्न होतो तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने. त्यात उत्कंठावर्धक कथानकाला अढळ स्थान नाही. नजर वळणे, शब्द अडखळणे, हातातले काम चुकणे हे अनुभाव, आणि ज्या स्थळी व ज्या वेळी ते घडते ते उद्दीपन, यांवर सारी मदार आहे. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ हे तत्त्व दोन-दोन ओळींत सिद्ध करते. तेथील प्रेम सर्वत्र मुग्ध नाही, पुष्कळदा ते चोरटे आहे. तरीही गोदावरीचा काठ, पिकाची राखण, घरातली सासू आणि दारातला वाटसरू यांच्यावाचून त्या गाथा उभ्याच राहू शकत नाहीत. तेथे स्थळच अडसर निर्माण करते आणि स्थळच संधी देते.

याहूनही मार्गदर्शक उदाहरण आद्य मराठी कवयित्री महदंबा हिच्या ‘धवळ्यां’चे आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीलाप्रसंगी तिने ही वरगीते रचली आणि विषय घेतला कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. पुढे नरेंद्राने (1292) आणि एकनाथांनी (1571) त्याच विषयावर ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. कृष्ण येणार, रुक्मिणीला नेणार, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. मग इतक्या कवींनी ती कथा पुन्हा पुन्हा का सांगितली आणि श्रोत्यांनी ती का ऐकली? कारण श्रोत्याचे कुतूहल ‘काय होईल’ यावर नव्हे, तर ‘कसे होईल’ यावर जडलेले होते. रुक्मिणी निरोप कसा पाठविते, वाट पाहताना तिच्या मनाची अवस्था काय होते, शंका केव्हा येते आणि धीर कोठून मिळतो, यांत गोडी होती. शेवटाची खात्री असल्यामुळेच श्रोत्याचे मन प्रत्येक क्षणावर निवांतपणे रेंगाळू शकत होते. मुग्ध प्रेमकथेचे खरे तंत्र हेच आहे. तिच्यात शेवट लपवायचा नसतो. शेवटापर्यंतची प्रत्येक पायरी खरी करायची असते.

हे विवेचन केवळ ग्रंथांपुरते राहू नये म्हणून एका स्थळावर ते पडताळून पाहू. ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या सुपरिचित आहेत. एक ठाणे शहरात, घोडबंदर मार्गावर, येऊरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. दुसरी डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ मार्गावर. ‘पाडा’ म्हणजे लहान वस्ती. नाव तेच राहिले, वस्ती मात्र उंच इमारतींनी वेढली गेली. प्रेमकथेसाठी काश्मीर किंवा महाबळेश्वर शोधणारा लेखक अशा ठिकाणी काय मिळणार म्हणून पाठ फिरवील. परंतु ज्या धवळ्यांचा आपण विचार केला, त्यांची परंपरा याच जिल्ह्यात आजवर चालत आली आहे. आगरी समाजात लग्नविधीच्या वेळी धवले गाणारी धवलारीण असते. वारली समाजातही लग्नाचा चौक लिहिला जातो, त्यात पालघाट देवी विराजमान होते आणि धवलेरी गाते. महदंबेचा आणि या स्त्रियांचा थेट वंशसंबंध सांगण्याचे धाडस मी करणार नाही; परंतु लग्न ही सर्वांना माहीत असलेली गोष्ट पायरीपायरीने गाऊन रम्य करण्याची वृत्ती दोहोंत समान आहे, हे निःसंशय.

आता याच परिसरातील नागर जीवनाकडे पाहू. डोंबिवली स्थानकाच्या पूर्वेकडून मानपाडा रस्त्याने भागीदारीतल्या रिक्षा धावतात. पाठीमागे तीन अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून बसतात. रोजच्या ठरलेल्या गाडीने उतरणारी दोन माणसे रोज त्याच रांगेत उभी राहिली, तर महिन्याभरात ती एकमेकांना चेहऱ्याने ओळखू लागतील, पण बोलणार नाहीत. येथे लेखकाला अपघात घडविण्याचे कारण नाही. एखाद्या दिवशी तिच्याजवळ सुटे पैसे नसतात आणि तो देतो. दुसऱ्या दिवशी ती ते परत करण्यासाठी मुठीत धरून येते, पण गाडी उशिरा आल्याने तो आधीच निघून गेलेला असतो. ती नाणी चार दिवस पर्समधल्या वेगळ्या कप्प्यात राहतात. याला शास्त्रात अनुभाव म्हणतात. आज भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय झाल्यामुळे हा प्रसंग शिळा झाला, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि बोधप्रदही आहे. त्या सोयीमुळे पैसे देणाऱ्याचे नाव पडद्यावर उमटते. म्हणजे जे नाव विचारण्यास पूर्वी दोन महिने लागले असते ते एका क्षणात, न विचारता कळते. नाव कळले, पण ओळख झाली नाही, हा नवा संकोच आजच्या लेखकाचे साहित्य आहे. काल ज्याने सुट्या पैशांची कथा लिहिली त्याचे अनुकरण करून तो सापडणार नाही.

जागेची टंचाई हा या परिसराचा दुसरा स्थायी अडसर. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (1970) या चित्रपटाने चाळीतल्या भरल्या घरात नवविवाहितांना क्षणभर एकांत न मिळण्यातून सारी कथा उभी केली; पुढे बासू चटर्जी यांनी ‘पिया का घर’ (1972) या नावाने ती हिंदीत आणली. खलनायकावाचून, केवळ एका खोलीच्या मापातून प्रेमकथा कशी घडते, याचा हा उत्तम पाठ होय. डोंबिवलीत दीर्घकाळ राहिलेल्या शं. ना. नवरे यांच्या कथाही मध्यमवर्गाच्या अशाच लहान घरांतून आणि साध्या माणसांतून माधुर्य शोधतात. अभ्यासकाने त्या केवळ ‘सुखान्त’ म्हणून बाजूला न सारता, त्यांतील अडसर कोठून येतो, हे तपासून पाहावे.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माधुर्याची ही उपासना म्हणजे वास्तवाकडे पाठ फिरविणे नव्हे काय? मराठी प्रेमकथेच्या बाबतीत हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे, आणि त्याचा पुरावा आडनावांत दडलेला आहे. महाराष्ट्रात आडनाव उच्चारताच जातीचा तर्क सुरू होतो, हे प्रत्येक वाचक जाणतो. असे असता आपल्या कितीतरी प्रेमकथांत नायक-नायिकांची आडनावे एकाच सामाजिक थरातली असतात, किंवा ती हेतुपुरस्सर गाळलेली असतात. लेखकाने विघ्नासाठी अपघात शोधला, पत्र हरविले, पण दाराशी उभे असलेले खरे विघ्न पाहण्याचे नाकारले. ज्या गोडीला काहीही मोजावे लागत नाही ती गोडी नव्हे, तो गुळमटपणा होय.

मात्र यावरून मुग्ध प्रेमकथा त्याज्य ठरत नाही. तिची कसोटी ठरते. 1954 च्या विशेष विवाह कायद्यान्वये विवाह करू इच्छिणाऱ्यांना विवाहाधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि आक्षेपासाठी 30 दिवसांची मुदत असते. नंतर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. या 30 दिवसांत प्रेमिकांची नावे भिंतीवर असतात आणि कोणताही परिचित ती वाचू शकतो. पूर्वरागाला याहून अधिक योग्य कालमर्यादा कोणत्या प्रतिभावंताने कल्पिली असती? सुखान्ताची खात्री देऊनही येथे प्रत्येक दिवस जड असतो. मानपाड्याच्या त्या दोन प्रवाशांची आडनावे लेखकाने स्पष्ट लिहिली आणि तिसावा दिवस उजाडेपर्यंत त्यांच्या मनाशी तो प्रामाणिक राहिला, तर त्याची कथा गोड राहूनही खोटी होणार नाही. साक्षीदार म्हणून तिसरे कोण येणार, एवढ्या एका प्रश्नावरही ती तोलून धरता येईल.

तेव्हा नवोदित लेखकाला देता येण्यासारखे मार्गदर्शन थोडक्यात असे : शेवट लपविण्याच्या खटाटोपात पडू नये, अडसर आपल्या स्थळातून आणि काळातून घ्यावा, भावना वर्णनाने सांगण्याऐवजी कृतीतून दिसू द्यावी, आणि जो अडसर समाजात सर्वांना दिसतो तो कथेत झाकू नये. फडक्यांकडून रचनेची शिस्त घ्यावी, गाथांकडून संक्षेप घ्यावा, आणि माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकण्यास लोक का जमतात हे धवल्यांकडून शिकावे.

या कामी विद्यापीठीय विभागांवरही एक जबाबदारी येते. धवलारिणी आणि धवलेरी यांच्या मुखातील गीतांचे संकलन पाठभेदांसह व्हावयास हवे. जुन्या मासिकांतील आणि दिवाळी अंकांतील प्रेमकथांची सूची कालानुक्रमे तयार व्हावयास हवी. आणि त्या कथांतील स्थळे, व्यवसाय व आडनावे यांची नोंद पदव्युत्तर प्रबंधाचा विषय म्हणून स्वीकारली जावी. अशी सामग्री हाती आली म्हणजे मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या प्रेमाची गोडी चाखत आला, आणि कोणते प्रेम त्याच्या ताटात वाढलेच गेले नाही, हे आपल्याला आधारासह सांगता येईल. तोवर या प्रकाराला हिणकस म्हणण्याचा अधिकार समीक्षेने स्वतःकडे घेऊ नये, हेच उचित.