कवीचे सहाशें आणि हजेरीपटांतला एक

काव्यानें अमर केलेल्या माणसांची एक अडचण असते. तीं अमर होतात खरीं, पण बहुधा एकगठ्ठा होतात. ता. 25 ऑक्टोबर 1854 रोजीं क्रायमियांत बालाक्लाव्हा येथें इंग्रजांच्या हलक्या घोडदळानें भलत्याच अर्थानें घेतलेल्या एका हुकुमावरून रशियन तोफांवर हल्ला केला. त्या घोडेस्वारांचें असेंच झालें. टेनिसनची त्यांच्यावरील कविता ता. 9 डिसेंबर 1854 च्या 'एक्झॅमिनर' पत्रांत, म्हणजे घटनेनंतर अवघ्या साडेसहा आठवड्यांनीं प्रसिद्ध झाली, आणि पुढें इंग्रजी शाळांच्या वाटेनें आपल्या सुशिक्षित घरांतही पाठ झाली.

कवितेंतील आकडा सहाशें आहे. हल्ल्यांत प्रत्यक्ष घुसलेल्या स्वारांची संख्या आतां सुमारें 670 मानली जाते. संख्या सातशेंच्या घरांत असावी असें कळल्यावरही वृत्ताला सहाशेंच बरे म्हणून कवीनें आपला आकडा कायम ठेवला. यांत त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. त्यानें आकड्याचें ध्रुपद केलें, आणि ध्रुपदांत नांवें बसत नाहींत. परंतु ह्या सहाशांतला एक माणूस कोण होता, असें कोणी विचारूं लागला म्हणजे त्याला कविता मिटून लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्याची वाट धरावी लागते. त्या वाटेवर कागद कसे वाचावेत, हा ह्या लेखाचा विषय आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: कोणताही कागद कशासाठीं लिहिला गेला हें ओळखल्यावांचून त्याची साक्ष काढूं नये. हजेरीपटाचेंच पाहा. प्रत्येक रेजिमेंटचा हजेरीपट दर तिमाहीस तयार होई, आणि त्याचा हेतु पगाराचा हिशेब हा होता. अमुक स्वार छावणींत होता, स्कुटारीच्या इस्पितळांत आजारी होता, कीं मेला, एवढें त्यावरून कळतें, कारण तेवढ्यावर पैसे अवलंबून होते. 25 ऑक्टोबरच्या सकाळीं तो घोड्यावर होता कीं तंबूंत, हें हिशेबनिसाला सांगावयाचें नव्हतें आणि त्यानें सांगितलेंही नाहीं. पदकाच्या यादीचाही असाच घोटाळा होतो. 'बालाक्लाव्हा' अक्षरांची पट्टी त्या दिवशींच्या सबंध लढाईबद्दल मिळाली. ती जड घोडदळाला मिळाली आणि 93 व्या हायलंडर पलटणीच्या पायदळालाही मिळाली. घरांतील जुन्या पेटींत अशी पट्टी सांपडली म्हणजे पणजोबा तोफांवर चालून गेलेच होते, असें समजणारें कुटुंब कागदाला नसलेलें तोंड देतें. त्यांतच, त्या काळीं शिपायाचा क्रमांक त्याच्या रेजिमेंटपुरताच असे. एकच क्रमांक अनेक ठिकाणीं आढळतो, आणि नांव साधें असलें कीं एका नांवाचे दोन इसम जोडून एक चरित्र तयार होतें.

ह्या सर्व दफ्तरांत साहित्याच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा कागद म्हणजे नोकरींतून मुक्त होतांनाचा. आपल्याकडे मोगल अमदानीपासून स्वाराची चेहरेपट्टी लिहीत आणि घोड्याला डाग देत, त्याची येथें आठवण होते. जन्मगांव, फौजेंत येण्यापूर्वींचा धंदा, वय, उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग, अंगावरील खुणा, परमुलखांतील चाकरीचीं वर्षें, वर्तणुकीचा शेरा, शिक्षा झाली असल्यास तीही, आणि शेवटीं सही. सही येत नसेल तर नुसती फुली. कादंबरीकाराला हेवा वाटावा असा हा ऐवज आहे. पण तोही पेन्शनसाठीं लिहिलेला आहे, हें विसरूं नये. 1883 पूर्वींचे हे कागद बहुतांशीं पेन्शनवर गेलेल्यांचेच टिकले. चाकरींत मेलेल्याला पेन्शन नाहीं, म्हणून त्याचा असा कागद सहसा नाहीं. परिणाम मोठा विलक्षण होतो. कवितेचा सारा गौरव जे परतले नाहींत त्यांच्यामुळें उभा आहे, आणि दफ्तरांत चेहरा मिळतो तो परतलेल्यांना.

ह्या विखुरलेल्या कागदांची मोट बांधण्याचें काम संशोधकांनीं चिकाटीनें केलें आहे. लमिस आणि विन ह्यांचा 1973 सालचा चरित्रकोश हें त्याचें ठळक उदाहरण. एकेका स्वाराचा पत्ता लावण्यांत ओतलेली ही निष्ठा आदरणीय आहे. तथापि ह्या सर्व शाखेच्या दृष्टीविषयीं आमचा एक आक्षेप आहे. हा इसम हल्ल्यांत होता कीं नव्हता, हा तिचा मुख्य प्रश्न असतो. त्यामुळें वर्षानुवर्षांच्या चाकरीचें मोल वीसेक मिनिटांवरून ठरतें, आणि कविता बाजूला ठेवून निघालेला संशोधक नकळत कवितेच्याच घरीं परत येतो.

हें केवढें नुकसान आहे तें आठव्या हुसार रेजिमेंटवरून दिसेल. बालाक्लाव्हाच्या पांच रेजिमेंटांपैकीं ही एक. 1857 च्या अखेरीस ती मुंबईस उतरली आणि मध्य हिंदुस्थानांत गेली. ता. 17 जून 1858 रोजीं ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराई येथें तिच्या एका तुकडीनें हल्ला केला, आणि त्या धुमाळींत झांशीची राणी लक्ष्मीबाई पडली असें पुष्कळ इतिहासकार मानतात. त्या कामगिरीबद्दल तिच्यांतील चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांतील कप्तान हेनेज हा बालाक्लाव्हाच्या हल्ल्यांतही होता. म्हणजे चार वर्षांच्या आंत एकाच माणसाच्या चाकरीच्या कागदावर क्रायमिया आणि हिंदुस्थान ह्या दोन नोंदी लागोपाठ येतात. इंग्रज वाचक पहिल्या नोंदीशीं थबकतो आणि दुसरी ओलांडून जातो. मराठी वाचकाचे डोळे नेमके दुसऱ्या नोंदीवर खिळतात. कागद तोच, शाई तीच. फरक पडतो तो वाचणाराच्या प्रश्नानें.

राणीच्या बाजूनें त्या दिवशीं पडलेल्या स्वारांची चेहरेपट्टी क्यूच्या दफ्तरांत शोधून मिळणार नाहीं. आपल्याजवळ वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'सारखी साक्ष आहे. ती कित्येक वर्षांनंतर आठवणींतून लिहिली गेली आणि 1907 सालीं छापून निघाली. तिची साक्षही कशासाठीं आणि केव्हां लिहिली हें पाहूनच काढावयाची. त्या परीक्षेंतून ती सुटत नाहीं आणि तिचें मोलही कमी होत नाहीं.

म्हणून इंग्रज घोडेस्वाराचा शोध हा केवळ परक्या घराण्यांचा छंद आहे, असें मानूं नये. त्या शोधाची शिस्त आपण जरूर उचलावी, मात्र त्याचा ठराविक प्रश्न उचलूं नये. हा स्वार सहाशांत होता काय, एवढ्यावर न थांबतां, नंतर त्याला कोठें पाठविलें आणि तेथें त्याच्यासमोर कोण होतें, हें विचारावें. परमुलखांतील चाकरीच्या रकान्यांत ह्या प्रश्नाचें अर्धें उत्तर लिहिलेलें आहे. उरलेलें अर्धें आपल्याच जुन्या दफ्तरांतून आणि पोथ्यांतून शोधावयाचें आहे, आणि तें काम आपल्यासाठीं दुसरें कोणी करणार नाहीं.