वाद्य लोपले, पाठ उरला : शूबर्टच्या ‘आर्पेजोने’ सोनाटाविषयी

शूबर्टच्या ए-मायनर सोनाटाची चेलो व पियानो यांसाठी छापलेली प्रत पाठचिकित्सेच्या दृष्टीने वाचू लागताच प्रश्न पडतो : हा मूळ पाठ की भाषांतर? १८२४ साली व्हिएन्ना येथे ही रचना झाली ती आर्पेजोने या वाद्यासाठी. त्यास गिटारीप्रमाणे सहा तारा व पडदे असत. वादन मात्र गजाने होई. १८७१ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हा हे वाद्य प्रचारातून गेलेले होते. म्हणून चेलोसाठी पर्यायी भाग जोडण्यात आला.

आर्पेजोनेची सर्वांत उंच तार चेलोच्या उंच तारेहून पंचमाने चढी. साहजिकच मूळ वाद्यावर हाताशी असलेले स्वर चेलोवादकास अंगठा तारेवर टेकवून फार वरच्या स्थानी शोधावे लागतात. यासाठी संपादक काही स्वरपंक्ती एक सप्तक खाली उतरवितात. परंतु कोणत्या, याविषयी एकमत नाही. पंक्ती उतरली की पियानोच्या वर विहरणारा स्वर त्याच्या स्वरांत मिसळून जातो. पियानोचा भाग मात्र मूळचाच राहतो. संवादातील एकाच वक्त्याची भाषा बदलावी, तसे हे झाले.

तेव्हा चेलोचा सुटा भाग वाचून शूबर्टच्या शैलीविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. त्यातील दुर्घटता पुष्कळदा वाद्यांतराची असते, रचनाकाराची नव्हे. या भाषांतरानेच रचना जिवंत राखली, हे खरे. परंतु भाषांतरकाराने आपला प्रत्येक बदल पृष्ठावर नोंदविला पाहिजे. अन्यथा अभ्यासक संपादकालाच शूबर्ट समजेल.