हे साल कशाचं? एगर्टनचा शस्त्र-कॅटलॉग वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. एका लहान संग्रहालयातल्या १९ तलवारी, प्रत्येकीची लांबी, वजन, मुठीचा प्रकार आणि शेवटच्या रकान्यात 'काळ'. त्यातल्या चार तलवारींपुढे मी बेधडक 'सतरावं शतक, जर्मनी' असं लिहून टाकलं, कारण त्यांच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण होती. प्रगती-अहवालाच्या दिवशी समितीतल्या एका बाईंनी एवढंच विचारलं, "हे साल कशाचं? पात्याचं, मुठीचं, की दोन्ही एकत्र बसवल्याचं?" मला उत्तर देता आलं नाही. तक्ता परत आला आणि त्याबरोबर माझे सहा महिनेही परत आले.

तुम्ही शस्त्रांवर काम करणार नसाल तरी हा लेख वाचा. नाणी, मूर्ती, पोथ्या, दागिने, कशावरही काम करा, हा प्रश्न तुम्हाला कोणीतरी विचारणारच आहे.

माझी चूक मुळात कुठून आली ते आधी सांगते. मी एका पुस्तकावर फार विसंबले होते. विल्ब्रहॅम एगर्टन यांनी १८८० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी शस्त्रांचा एक सचित्र कॅटलॉग प्रसिद्ध केला आणि १८९६ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. इंडिया म्युझियममधल्या शस्त्रांची वर्गवारी हा त्याचा गाभा. आजही भारतीय शस्त्रांवरचं जवळजवळ प्रत्येक लेखन कुठे ना कुठे या पुस्तकाशी येऊन थांबतं.

पुस्तक वाईट आहे का? अजिबात नाही. शस्त्रांची देशी नावं त्यानं जपली. 'आइन-ए-अकबरी'तली शस्त्रांची यादी आणि चित्रं त्यानं सोबत दिली, त्यामुळे सोळाव्या शतकाच्या अखेरीस कुठलं नाव कुठल्या आकाराला होतं याचा एक धागा हाती लागतो. शस्त्रांना फक्त शोभेच्या वस्तू न मानता त्यानं हिंदुस्थानच्या लष्करी इतिहासाची ओळखही जोडली. त्या काळात एवढं करणं सोपं नव्हतं.

पण आता त्याची मांडणी नीट बघा. शस्त्रं लावली आहेत ती लोकांप्रमाणे आणि प्रांतांप्रमाणे: आदिवासी जमाती, रजपूत, मराठे, नेपाळ, ब्रह्मदेश वगैरे. नोंदीत नाव, वर्णन, प्रांत असतो; साल क्वचितच. इथेच गोम आहे. वस्तूसमोर प्रांताचं नाव दिसलं की आपण ते बनावटीचं ठिकाण समजतो. प्रत्यक्षात ते वस्तू जिथून मिळाली किंवा पाठवली गेली तिथलं नाव असू शकतं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी हिंदुस्थानातून पाठवलेल्या वस्तूंपैकी काही पुढे कंपनीच्या संग्रहालयात गेल्या. प्रदर्शनासाठी नवी घडवलेली वस्तू आणि दोन पिढ्या वापरात असलेली वस्तू एकाच प्रांताच्या मथळ्याखाली शेजारी बसली, की वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच 'जुन्या' वाटतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. 'मराठे' या गटात ठेवलेली तलवार मराठ्यांनी वापरली, एवढं ठीक. पण तिचं पातं कुणाचं? आपल्याकडे 'फिरंग' हा शब्दच याचं उत्तर देतो. सरळ, बहुधा युरोपात घडलेलं पातं आणि त्याला इथली मूठ, ती फिरंग. पोर्तुगीज आणि नंतर इतर युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत अशी पाती पश्चिम किनाऱ्यावर येत. म्हणजे एकाच वस्तूत दोन देश, दोन कारागीर आणि निदान दोन तारखा असतात. कॅटलॉगचा रकाना मात्र एकच.

हा दोष एकट्या एगर्टनचा नाही. युरोपातल्या तलवारींचा अभ्यास जास्त काटेकोर, असं आपल्याला सांगितलं जातं. आहे खरा, पण तिथेही हाच पेच आहे. नॉर्वेच्या यान पेटरसन यांनी १९१९ साली व्हायकिंग तलवारींची जी वर्गवारी केली ती मुख्यतः मुठीवर उभी आहे. ब्रिटनच्या ईवर्ट ओकशॉट यांनी १९६० नंतर मध्ययुगीन तलवारींचे प्रकार मांडले ते प्रामुख्यानं पात्याच्या आकारावरून. दोन्ही पद्धती उपयोगी आहेत. पण मूठ बदललेली तलवार घेतलीत, तर एक पद्धत एक काळ सांगेल आणि दुसरी दुसरा. दोन्ही बरोबर असतील, कारण त्या वेगवेगळ्या गोष्टींचं वय सांगत आहेत.

आता माझ्या लांडग्याकडे येऊ. धावता लांडगा ही मुळात जर्मनीतल्या पासाउ गावच्या पातं-कारागिरांची खूण. ती चांगल्या मालाची ओळख झाली आणि मग झोलिंगेनच्या कारागिरांनीही ती वापरली. पुढे कॉकेशसमधल्या पात्यांवरही तिच्या नकला उमटल्या. म्हणजे लांडगा दिसला तर सिद्ध काय होतं? इतकंच, की ही खूण प्रतिष्ठेची झाल्यानंतर कुणीतरी ती या पात्यावर काढली. जर्मनीही नाही आणि सतरावं शतकही नाही.

नावांचंही तेच. आन्द्रेया फेरारा हा सोळाव्या शतकातला इटलीतला नामांकित कारागीर. स्कॉटलंडच्या तलवारींवर त्याचं नाव तो गेल्यानंतरही कितीतरी काळ दिसत राहतं आणि त्यातली बरीच पाती झोलिंगेनची आहेत. त्याहून जुनं उदाहरण 'उल्फबेर्ट'. नवव्या ते अकराव्या शतकातल्या दीडशेहून अधिक पात्यांवर हे नाव आहे. एका माणसाचं आयुष्य एवढं लांब नसतं. अ‍ॅलन विल्यम्स यांनी या पात्यांचं पोलाद तपासलं तेव्हा काही पाती उत्तम, भरपूर कार्बन असलेल्या पोलादाची निघाली, तर काही अगदी सुमार. नाव तेच, पण दर्जात जमीन-अस्मानाचा फरक.

आकड्यांवर तरी विश्वास ठेवावा? सतराव्या शतकातल्या काही जर्मन पात्यांवर '१४१४' कोरलेलं सापडतं. ते घडवल्याचं साल नव्हे. शुभ मानून कोरलेला आकडा म्हणूनच त्याच्याकडे पाहिलं जातं. शिलालेखातल्या शकाच्या सवयीनं आपण पात्यावर चार आकडे दिसले की साल वाचतो. ती सवय इथे घात करते.

मग काळ ठरवायचा कसा? मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अलेक्झांड्रियाच्या तलवारींनी. या युरोपीय तलवारी भेट किंवा लूट म्हणून मामलुक सुलतानांकडे गेल्या आणि अलेक्झांड्रियाच्या शस्त्रागारात जमा झाल्या. जमा करताना पात्यावर अरबीत मजकूर कोरला गेला, अनेकींवर सालासकट. ती सालं चौदाव्या-पंधराव्या शतकातली आहेत. ही घडवल्याची तारीख नाही हे उघड आहे. पण तिच्यामुळे एक पक्की भिंत उभी राहते: तलवार या सालानंतरची असूच शकत नाही. नुसत्या आकारावरून लावलेले अंदाज या भिंतीवर घासून बघता आले. 'अमुक सालची' म्हणण्यापेक्षा 'अमुक सालानंतरची नाही' हे विधान छोटं वाटतं, पण परीक्षेत तेच टिकतं.

हाच विचार आपल्या घरच्या उदाहरणाला लावून बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनानं लंडनच्या लिलावातून नागपूरकर भोसल्यांची तलवार ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. पातं सरळ, एकधारी, युरोपीय. मूठ मराठा धाटणीची. वर देवनागरीत रघोजी भोसले हे नाव, 'सेनासाहेब सुभा' हा किताब आणि 'फिरंग' हा शब्द. ती पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली जाते. तलवार परत आल्याचा आनंद मलाही झाला. पण संशोधक म्हणून पुढचे प्रश्न विचारायलाच हवेत. लेख देवनागरीत आहे, म्हणजे तो पात्याबरोबर युरोपातून आलेला नाही; पातं लेखापेक्षा जुनं आहे. किती जुनं, ते लेख सांगत नाही. आणि रघुजी हे नाव व हा किताब पहिल्या रघुजींनंतर १८१६ पर्यंत कारभार केलेल्या दुसऱ्या रघुजींकडेही होता. म्हणून नुसत्या नाव-किताबावर निकाल लागत नाही; अक्षरांचं वळण, सोन्याच्या कामाची पद्धत, मुठीची घडण आणि वस्तू हातोहात कशी गेली याचा माग, हे सगळं एका दिशेला बोट दाखवतं का ते बघावं लागतं. असं विचारण्यानं तलवारीचा मान कमी होत नाही. उलट उत्तर मिळालं की तो पक्का होतो.

एक शेवटची तक्रार, 'एथ्नोग्राफिक' या शब्दाबद्दल. युरोपातल्या तलवारीच्या पाटीवर गाव, कारागीर, दशक असतं. आफ्रिका-आशियातल्या तलवारीवर जमातीचं नाव आणि 'एकोणिसावं शतक'. सुदानची कास्कारा घ्या. सरळ पातं आणि आडवी मूठ बघून एकोणिसाव्या शतकात काही युरोपीयांना वाटलं, या क्रूसेडच्या काळातल्या तलवारी! प्रत्यक्षात त्यातली कित्येक पाती झोलिंगेनहून व्यापारात आलेली होती. स्थानिक माणसाला इतिहास नसतो, फक्त परंपरा असते, असं एकदा गृहीत धरलं की त्याच्या हातातली वस्तू एक तर हजार वर्षं जुनी ठरते नाहीतर कालची. मधला व्यापार, दुरुस्ती, बाजारभाव, निवड हे सगळं गायब होतं. एगर्टनच्या गटवारीचं मला खुपतं ते हेच.

माझा तक्ता मी पुन्हा केला. 'काळ' हा रकाना काढून टाकला आणि त्याजागी चार रकाने घातले: पातं, मूठ, जोडणी, लेख किंवा खूण. प्रत्येकापुढे 'याआधीचं नाही' आणि 'यानंतरचं नाही', आणि कशावरून. जोडणीचा रकाना सगळ्यात बोलका निघाला. आपल्याकडे मुठीत लाख भरून पातं बसवतात; ते तापवून काढता येतं आणि दुसरं घालता येतं. युरोपात पात्याची शेपटी मुठीतून आरपार नेऊन टोकाला ठोकून बसवायची रीत होती. त्यामुळे मुठीच्या तोंडाशी पात्याला आधाराच्या पट्ट्या रिव्हेटनं मारलेल्या असतील, आणि जुन्या खुणेचा अर्धा भाग त्यांच्याखाली दबला असेल, तर ते पातं आधी दुसऱ्या मुठीत होतं अशी शंका घ्यायला जागा आहे. माझ्या चारपैकी दोन तलवारींत तो लांडगा असाच अर्धा झाकलेला आहे. पहिल्या वेळी मी त्याचं दिसणारं अर्धं अंग मोजलं होतं, झाकलेलं का आहे हे विचारलंच नव्हतं.

त्या चार तलवारींपुढे आता शतक लिहिलेलं नाही. दोघींपुढे लिहिलंय, 'पातं मुठीआधीचं'. समितीला या खेपेस तक्ता चालला. एगर्टन अजून माझ्या टेबलावर आहे. तुम्हीही तो वाचा, पण प्रत्येक नोंदीपाशी थांबून त्या बाईंचा प्रश्न विचारा.